पूड कुठल्या तुकडीतली?

सप्टेंबर 2005. लंडनच्या 'डेली मिरर'ने पहिल्या पानावर मॉडेल केट मॉस छापली. रेकॉर्डिंग स्टुडिओत बसून बाई पांढऱ्या पुडीच्या रेघा नाकाने ओढतायत. झालं, फॅशनच्या बाजाराला भोवळ आली. तिला जाहिरातींत घेणाऱ्या एचअँडएमने आधी मोठ्या मनाने माफ केलं. गिऱ्हाइकं ओरडली तसं मन पुन्हा लहान केलं. बर्बरीने हात झटकले. करार पुढे चालवणार नाही, असं शनेलने कळवलं.

भोवळ नेमकी कशाने आली, हे मला आजही कोडं आहे. खोल गेलेले डोळे, वर आलेली हाडं, तीन रात्री डोळ्याला डोळा न लागलेला चेहरा: याच बाजाराने हा माल नव्वदच्या दशकात अत्तरापासून चड्डीपर्यंत सगळ्यावर चिकटवून विकला. त्या थाटाचं नावच मुळी 'हेरॉइन शीक'. 1997मध्ये खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटनसाहेबांनी त्यावर कान उपटले होते. म्हणजे नशेचा चेहरा चालतो, नशा तेवढी दिसता कामा नये!

केट ही क्रॉयडनची पोरगी. 1988मध्ये सुट्टीहून परतताना न्यूयॉर्कच्या विमानतळावर एजन्सीवालीने तिला हेरलं, तेव्हा वय 14. दोन वर्षांत 'द फेस' मासिकाच्या मुखपृष्ठावर. वरचे कपडे काढायला सांगायचे तेव्हा आपण रडायचो, असं तिने 2022मध्ये बीबीसी रेडिओवर सांगितलं. नाही म्हटलं तर पुढचं काम नाही, हे तोंडावर ऐकवलं जायचं. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी कॅमेऱ्यासमोर रडते, तेव्हा कुणी करार मोडल्याचं ऐकिवात नाही.

बरं, त्या पुडीच्या पोलीस तपासाचं काय? तिथे तर फार्सच. पूड दिसते, नाक दिसतं, रेघही दिसते. पण पूड कायद्याच्या यादीतल्या 'अ' वर्गातली की 'ब' वर्गातली, हे तज्ज्ञांना चित्रणावरून सांगता येईना. तुकडी ठरेना म्हणून 2006मध्ये प्रकरण बंद. त्याच वर्षी ब्रिटिश फॅशन पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मॉडेल कोण? बरोबर ओळखलंत. मग 2008मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये तिचा पुतळा बसला, पाय मानेमागे घेतलेल्या योगासनात. सोनं 50 किलो. आपल्याकडे सुवर्णतुलेचं सोनं दान तरी करतात.

वाया गेलेल्या मालाचा भाव चढतो, हे भंगारवाल्याला विचारा. तो नाही म्हणेल. फॅशनवाल्याला विचारा.

2022मध्ये बाईंनी 'कॉसमॉस' नावाने आरोग्याचा ब्रँड काढला. त्यात चहा. पहाटेचा वेगळा, सांजेचा वेगळा. या वेळी पुडीत काय आहे, ते मात्र खोक्यावर स्वच्छ छापलं होतं.