फक्त एक खिळा

दुसऱ्याच्या भिंतीवर काही लावू देण्याची विनंती महाराष्ट्रातल्या शहरांत बारमाही आढळते. वस्तूच्या वजनानुसार तिचे चार प्रकार पडतात. हलक्या प्रकारात कपड्यांची दोरी आणि दिवाळीचा आकाशकंदील येतात. मध्यम प्रकारात डिश अँटेना, केबलची वायर आणि सीसीटीव्ही, तर जड प्रकारात एसीचे आउटडोअर, पाण्याचा पाइप आणि पत्र्याची शेड. चौथ्या, सार्वजनिक प्रकारात मंडळाच्या मांडवाची दोरी आणि दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स मोडतो. या प्रकारात विनंती करत नाहीत, कळवतात. म्हणून त्याचा विचार येथे केलेला नाही.

विनंतीची वेळ बहुधा रविवार सकाळची असते. अर्जदार येतो तेव्हा मिस्त्री ड्रिल मशीन घेऊन जिन्यात उभा असतो. ‘आलाच आहे तर उरकून घेतो’ हे वाक्य परवानगी मागण्यात गणले जाते. मागणी एका खिळ्याची असते. मिस्त्रीच्या पिशवीत चार फास्टनर असतात. दूरदर्शी अर्जदार आदल्या दिवशी खिरीची वाटी पाठवतो. वाटी रिकामी परत करायची नसते, त्यामुळे भिंतमालक आधीच देणेकरी झालेला असतो.

भिंतीची जात आधी पाहावी लागते. वाड्याच्या विटा-मातीच्या भिंतीत खिळा सहज शिरतो आणि त्याच सहजतेने पोपड्यासह बाहेर येतो. फ्लॅटमधली साडेचार इंची भिंत पातळ असते. ड्रिल मशीन रंगात आले तर अर्जदार आणि भिंतमालक यांची थेट दृष्टादृष्ट होते. दीड टनी एसीचे आउटडोअर साधारण 30 किलोचे असते, शिवाय ते थरथरते. त्यातून निघणारी गरम हवा ज्या दिशेला जाते, तिकडे भिंतमालकाची खिडकी असते. पहिल्या पावसाळ्यात छिद्राभोवती ओल दिसली की ‘ती आधीपासूनच होती’ असे उत्तर मिळते. म्हणून ड्रिल सुरू होण्यापूर्वी भिंतीचा फोटो काढून ठेवतात.

उत्तराचे पर्याय तीन: हो, नाही आणि बघू. मराठी घरांत तिसरा सर्वाधिक वापरला जातो. भिंतमालक तो नकार म्हणून देतो, अर्जदार होकार म्हणून घेतो आणि संध्याकाळपर्यंत काम झालेले असते. भीड भिकेची बहीण, ही म्हण सर्वांना पाठ असते. आठवते ती काम झाल्यावर.

फ्लॅटधारकांसाठी ‘सोसायटीला विचारा’ हा चौथा पर्याय आहे. तो पळपुटा असला तरी बरोबर आहे, कारण इमारतीची बाहेरची भिंत एकट्या सभासदाची नसते. मात्र अभिहस्तांतरण झालेले नसेल, तर ती कागदोपत्री अजून बिल्डरच्याच नावावर असण्याचा संभव असतो. अशा वेळी देणारा आणि मागणारा दोघेही तिसऱ्याच माणसाच्या भिंतीवरून भांडत असतात.

स्वतंत्र घराच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 15 नुसार एखादी वहिवाट शांततेने, उघडपणे, हक्क म्हणून आणि अखंड 20 वर्षे चालली, तर तिचा हक्क पक्का होऊ शकतो. शांतता आणि उघडपणा पुरवण्याचे काम भिडस्त भिंतमालक स्वतःच करतो. परवानगी घेऊन केलेला वापर मात्र हक्क म्हणून केलेला ठरत नाही. म्हणजे खिळा दिसत असूनही गप्प बसणाऱ्यापेक्षा लेखी ‘हो’ म्हणणाऱ्याची भिंत अधिक सुरक्षित असते.

परवानगी एरवी काढून घेता येते. पण तिच्या भरवशावर समोरच्याने स्वखर्चाने कायमस्वरूपी बांधकाम केले, तर कलम 60 आडवे येते. म्हणून परवानगी बोल्टला द्यावी, सिमेंटला देऊ नये. कागदावर वस्तूचे नाव, भिंतीवरची जागा, मुदत, दुरुस्तीचा खर्च कोणाचा आणि ‘सांगितल्यावर काढून घेईन’ एवढे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. ‘आपल्यात कसला आलाय कागद?’ असे अर्जदार म्हणाला, तर कागदाची गरज सिद्ध झाली असे समजावे.

वस्तू काढायला सांगण्याची वेळ आली, तर परवानगी रद्द झाल्यावरही समोरच्याला वाजवी मुदत द्यावी लागते. वाजवी म्हणजे किती, यावर दोन्ही घरांचे एकमत होत नाही. तोंडावर सांगण्याचा धीर नसलेल्यांसाठी कलम 59 मध्ये एक सोय आहे: मालमत्ता हस्तांतरित झाली की नवा मालक जुन्या परवानगीला त्या नात्याने बांधील राहत नाही. म्हणजे घरच विकून टाकावे. हा उपाय खर्चिक आहे, पण त्यात शेजाऱ्याचे मन दुखावत नाही.

ज्यांना घर विकायचे नाही, त्यांनी पहिल्याच रविवारी, ड्रिल सुरू होण्यापूर्वी, हो किंवा नाही यांपैकी एक शब्द उच्चारावा आणि तो कागदावर उतरवून घ्यावा. वाटी त्यानंतरही परत करता येते.