निदान दिवा तरी विझला

चेन्नईजवळच्या ओरगडममध्ये मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, "गाव कोणतं?" दुसरा, "कंपनी कुठली?" तिसरा प्रश्न मात्र एकच गृहस्थ विचारतात : "गाडीत दिवा लागतो का?"

त्यांना मी नाडीवैद्य म्हणतो. मूळचे चिंचवडचे. इथे २०१० मध्ये रेनॉ-निस्सान आली, २०१२ मध्ये डायम्लरचे ट्रक, २०१३ मध्ये रॉयल एनफिल्ड आणि त्यांच्या मागोमाग सुटे भाग करणाऱ्यांची वरात. त्या वरातीतून वैद्य आले. कारखान्यात ते सीटच्या शिवणी तपासतात. म्हणजे मोटारीशी त्यांचा अधिकृत संबंध बसण्यापुरताच. पण गाड्या जिथे बनतात तिथे राहणाऱ्याला गाडी कळतेच, हा त्यांचा सिद्धांत. या न्यायाने मी नाशिकचा असल्यामुळे मला द्राक्षावरच्या भुरीचं औषध सांगता यायला हवं.

आमची डिझेल गाडी एका संध्याकाळी ओरगडमच्या उड्डाणपुलावर चढेना. अॅक्सिलरेटर तळाला टेकवला तरी काटा चाळिसाच्या पुढे जाईना. पाठीमागे कंटेनर ट्रक, त्याचा हॉर्न थेट मानेवर. समोर पिवळा दिवा. तो इंजिनाच्या आकाराचा असतो म्हणे. बायकोला तो विहिरीवरच्या पाण्याच्या मोटरीसारखा दिसला. "आज शिट्टीपण वाजतेय," ती म्हणाली. मी ट्रककडे बघत होतो.

वैद्य रात्रीच हजर. खिशातून तपकिरीच्या डबीएवढं यंत्र काढून त्यांनी स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचलं, ब्लूटूथने मोबाइलला जोडलं आणि डोळे मिटले. याच तमिळनाडूत वैदीश्वरन कोईलला अंगठ्याचा ठसा दिला की तुमच्या नावाची नाडीपट्टी काढून वाचतात. तिथेही इतकी शांतता नसेल.

"पी-०२९९," डोळे उघडत ते म्हणाले. "पी म्हणजे पॉवरट्रेन. पुढचा शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान कोड; एक असता तर ज्याच्या त्याच्या घरचा. टर्बोचा दाब कमी पडतोय." इथपर्यंत सगळं बरोबर होतं, हे मला कबूल केलंच पाहिजे. मग आवाज खाली आणून म्हणाले, "टर्बो गेला रे तुझा." नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतात तसं.

आता, कोड म्हणजे नुसती तक्रार असते. 'चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही' एवढंच त्या अर्जात लिहिलेलं असतं. पंप जळाला, पाइप फुटला की खालच्या बिऱ्हाडाने नळ उघडा टाकला, हे जिना उतरून बघावं लागतं. वैद्य जिना उतरत नाहीत. बॉनेट उघडणं हे त्यांना शवविच्छेदनासारखं वाटतं. त्यांनी मोबाइलवर बोट ठेवून कोड पुसला. दिवा गेला. "निदान दिवा तरी विझला!" म्हणाले, आणि पोहे खाऊन गेले.

बिघाड होतो त्या क्षणी वेग किती, भार किती, इंजिनाचं तापमान किती, याची नोंद गाडीचा संगणक कोडसोबत करून ठेवतो. एक प्रकारचा पंचनामाच. कोड पुसला की तोही जातो. म्हणजे चोरी झाली, पोलीस आले आणि पहिल्यांदा त्यांनी फरशी पुसून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्याच पुलावर तोच दिवा. वैद्यांनी निदान बदललं : सेन्सर. नवा आणला, बसवला. पैसे गेले, दिवा राहिला. मग डिझेलात पाणी निघालं. मग १ एप्रिल २०२० पासून आलेलं बीएस-सिक्स प्रदूषण-मानक दोषी ठरलं. शेवटी चेन्नईची दमट हवा. हवेवर आल्यावर मात्र मी धास्तावलो, कारण ती बदलायची म्हणजे बदलीच मागावी लागली असती. दर वेळी बायको म्हणायची, "अहो, शिट्टीचं सांगा की त्यांना." एकदा सांगितलं. वैद्य दयेने हसले. "वहिनी, शिट्टीचा कोड नसतो."

अखेर गाडी पडप्पैच्या गॅरेजमधल्या अण्णांकडे नेली. तिथे वैद्यांच्या यंत्राच्या दसपट मोठा स्कॅनर भिंतीला टांगलेला होता. त्याला हात न लावता त्यांनी विचारलं, "सत्तम वरुदा, सार?" आवाज येतो का? बायको तमिळ न शिकताच म्हणाली, "येतो! शिट्टी!" अण्णांनी बॉनेट उघडलं, आम्हाला गाडी रेस करायला लावली आणि टर्बोकडून इंटरकूलरला जाणाऱ्या रबरी होजवरून हात फिरवला. खालच्या बाजूने, क्लॅम्पजवळ, बोटभर चीर. भोवती तेलाचा काळा ओघळ. दाबलेली हवा तिथूनच शिट्टी मारत पळत होती. टर्बो ठणठणीत. होजला सेन्सरच्या निम्मेसुद्धा पैसे पडले नाहीत. परतताना पुलावर मी कंटेनर ट्रकला मागे टाकलं आणि उगाचच हॉर्न वाजवला.

वैद्यांना हे रुचलं नाही. "होज हा काही कोड नव्हे," म्हणाले. तरी रात्री येऊन त्यांनी यंत्र खोचलं, नाडी तपासली, "आता माझ्याकडून बरी," असा दाखला दिला आणि पोहे खाल्ले. दुसऱ्या दिवशी आम्ही नाशिकला गेलो.

पंधरा दिवसांनी परत येऊन किल्ली फिरवली. टक्. एवढंच. पुन्हा फिरवली, तेवढंही नाही. इतक्यात फोन वाजला.

"अरे, माझं यंत्र तुझ्या गाडीत राहिलंय का बघ. पंधरा दिवस शोधतोय."

वाकून बघितलं. होतं. आमची बॅटरी पिऊन, सॉकेटला गोचिडीसारखं चिकटून.

"आणि काय रे, दिवा लागतो का?"

"नाही," मी म्हणालो. "एकही लागत नाही."

"बघ!" ते म्हणाले. "सांगितलं होतं ना?"