भात कितीपर्यंत बाहेर होता?

"नजरबिजर काही नाही गो," काकूंनी आमसुलांचं सूप गडग्यावर टेकवलं. "भात आहे तो. रात्रीचा."

"कुणाचा?"

"वास्तुशांतवाल्यांचा. आणखी कुणाचा असणार?"

खालच्या वाडीत रविवारी वास्तुशांत झाली. मुंबईहून सगळे भाऊ, जावा, मुलं आलेली. दुपारची पंगत झकास झाली आणि रात्री घरातली माणसं एकामागून एक ओकायला लागली. सकाळपर्यंत आमच्या आळीत कारणांचा बाजार भरला होता. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं आमरसावर ताक प्यायले. सासूबाईंनी मुंबईकरांच्या नाजूक पोटांवर ठपका ठेवला. त्या घरातल्या धाकट्या जावेने तर सरळ आचाऱ्याला धरलं आणि त्याचे उरलेले पैसे अडवून ठेवले.

काकू आरोग्य खात्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. निवृत्ती झाली, पण चौकशी करायची सवय काही गेली नाही. सकाळी 'बघून येते हो' म्हणून गेल्या त्या सगळ्या घराची साक्ष घेऊनच आल्या.

"पंगतीत तू जेवलीस, मी जेवले. भटजी तर तीनदा भात घेऊन जेवले. झालं कुणाला काही?"

"नाही बाई."

"मग आचाऱ्याचा काय दोष? आता ऐक. रात्री नऊला पानं मांडली. फोडणीचा भात, दुपारची काळ्या वाटाण्याची उसळ आणि पोळ्या. अकराच्या आत पहिली उलटी. साडेबारापर्यंत सगळे आडवे. ताप एकालाही नाही. सकाळी मरगळलेले होते, पण चहा मागत होते. थोरल्याचा मुलगा तेवढा ठणठणीत. का? त्याने उसळ खाल्ली, पोळी खाल्ली, भाताला हात लावला नाही. फोडणीचा भात त्याला आवडत नाही."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी एरवी फक्त लग्न जमवल्यावर पाहिलं आहे.

"मी एवढंच विचारलं, भात शिजला किती वाजता आणि फोडणीला पडला किती वाजता? सकाळी नऊला शिजला. पंगती उठल्या अडीचला. उरलेला अर्धा टोप झाकण घालून मागच्या पडवीत ठेवला, आणि तो हलला तो थेट रात्री साडेआठला. मे महिना, पडवीवर पत्रे. फ्रीजमध्ये का नाही ठेवला म्हटलं, तर म्हणे टोप मावेना."

"पण काकू, रात्री चांगला परतला होता. वाफ आणली होती म्हणत होती धाकटी जाऊ."

"तीच तर गंमत आहे. तांदळाबरोबर मातीतला एक जंतू येतो, बॅसिलस सिरीयस म्हणतात त्याला. त्याचे बीजाणू भाताच्या उकळत्या पाण्यातही तग धरतात. भात गरम आहे तोवर गप्प असतात. टोप कोमट झाला की उगवतात, वाढतात आणि भातात एक विष सोडतात. रात्री परतलास तर जंतू मरतील, पण विष तसंच राहतं. वाफेला काय, कुकरच्या शिट्टीलाही ते दाद देत नाही. म्हणून तर अर्ध्या तासापासून पाचसहा तासांत उलट्या सुरू होतात आणि बहुतेकांचं दिवसभरात आटोपतं."

मी विचारलं, हे इथलंच की जगात सगळीकडे? तर काकू थेट विलायतेत पोचल्या. 1971 च्या सुमारास तिथल्या चिनी हॉटेलांत फ्राइड राइस खाऊन लोकांना अशाच उलट्या होऊ लागल्या. शोध घेतला तर कारण स्वयंपाकघरातलंच निघालं. आचारी ढीगभर भात शिजवून बाहेरच ठेवत, कारण फ्रीजमध्ये ठेवला की गोळा होतो आणि कढईत नीट परतता येत नाही. गिऱ्हाईक आलं की त्यातला घेऊन परतायचा.

"मग आपण तरी दुसरं काय करतो?" मी म्हटलं. "फोडणीचा भात मोकळा व्हावा म्हणून शिळाच घेतो."

"शिळा असू दे की! शिळ्याला कोण वाईट म्हणतंय? प्रश्न तो किती तास कोमट बसला एवढाच आहे. अन्न एक तर वाफाळतं हवं, साठ अंशांच्या वर, नाहीतर फ्रीजमध्ये पाचाच्या खाली. मधल्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि आपल्या उकाड्यात, पारा बत्तिसावर गेला की एकच तास. ब्रिटनमध्ये भातासाठी तर आणखी कडक सांगतात. तासाभरात गार करून आत टाका, एका दिवसात संपवा आणि पुन्हा गरम करायचा तो एकदाच."

"आमच्या सासूबाई ऐकतील का हे? त्या म्हणतात, आमच्या लहानपणी फ्रीज होते कुठे? रात्रीचा भात सकाळी खाऊन शेतावर जायचो."

काकूंनी सूप बाजूला सरकवलं. म्हणजे आता गप्पा लांबणार.

"बरोबरच म्हणतात. पण तो भात त्या कशा ठेवायच्या, ते विचारलंस कधी? रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवायचा. सकाळपर्यंत तो आंबायचा, वर ताक, मीठ, कांदा. एकदा आंबटपणा चढला की ह्या जंतूला वाढता येत नाही. शिवाय त्या भात मोजून शिजवायच्या, उरला तो गोठ्यात जायचा. आमटी रात्री खळखळ उकळून ठेवायच्या, सकाळी उठल्याबरोबर पुन्हा उकळायच्या. दुधाचंही तेच. दर उकळीला जंतूंची वाढ मागे ढकलली जायची. विष एकदा झालं की उकळी कामाची नाही, पण ते होऊच द्यायचं नाही, ही त्यांची रीत होती. आपण काय केलं? रीत सोडली आणि टोप तेवढा मोठा घेतला."

ह्यावर मला काही बोलता येईना. काकूंचं हे एक असतं. जुन्या बायकांची बाजू घेतील, पण आंधळेपणाने नाही. लगेच पुढे म्हणाल्या, "आणि गेलेल्या पोरांची गणती तेव्हा कोण ठेवत होतं? 'हगवण लागून गेलं' एवढंच म्हणायचे."

तेवढ्यात खालून मासेवालीची हाक आली. काकूंनी इथूनच विचारलं, "बांगडा बर्फातला आहे काय गो? नसेल तर वर येऊ नकोस." आणि माझ्याकडे वळून, "बांगड्याचं ठाऊक आहे ना? खाल्ला आणि पित्त उठलं म्हणतात. तोंड लाल, अंगाला खाज, डोकं ठणकतं, तेही तासाभरात. माणूस म्हणतो, मला बांगडा सोसत नाही. पुष्कळदा सोसत असतो गो. बर्फाविना पडून राहिलेल्या बांगड्यात, सुरमईत हिस्टामीन तयार होतं, आणि तेही शिजवून जात नाही. भाताचीच जात. चुलीवर येण्याआधीच काम झालेलं असतं."

"मग कालचं तिखलं आज खाऊ नये?"

"ताज्या बांगड्याचं असेल, जेवण झाल्यावर लगेच आत गेलं असेल, तर खुशाल खा. दुसऱ्या दिवशीच लागतं चांगलं. ओल्या नारळाच्या वाटणाला मात्र जपायचं. सोलकढी तर दुपारची दुपारी संपवायची."

"वास घेऊन कळत नाही का? आमच्याकडे नाकाला लावूनच ठरतं, ठेवायचं की टाकायचं."

"नाकाला नासलेलं कळतं. आंबलेली आमटी, तार सुटलेली भाजी, बुरसलेली पोळी. आजारी पाडणारे जंतू वेगळे असतात, त्यांना वास असेलच असं नाही. वास्तुशांतीच्या भाताला काय वास येत होता? तिघांनी दुसऱ्यांदा मागून घेतला. आणि उलट बघ, फ्रीजमधली कणीक काळी पडली की तू घाबरतेस. ती नुसती हवेने काळी पडते. आंबूस वास नसेल, बुरशी नसेल, कालचीच असेल, तर लाट पोळ्या."

मी माझ्या फ्रीजचं कौतुक सुरू केलं. नवा आहे, मोठा आहे, आकड्यांचं बटण आहे.

"ते आकडे अंश नव्हेत हो. बहुतेक फ्रीजमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त गार. लोक एकावर ठेवतात आणि म्हणतात एक अंशावर ठेवलंय. दोनशे-तीनशे रुपयांचा तापमापक मिळतो, तो आत ठेवून बघ. आणि अख्खा टोप आत कोंबायचा नाही. मधला भात तासन् तास गरम राहतो, वर शेजारचं दूधही कोमट करतो. परातीत पसर, पंख्याखाली ठेव, मग दोन बोटं खोलीच्या पसरट डब्यांत भर. आमटीचं पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळ. वाफ निवाली की आत. पूर्ण गार व्हायची वाट बघत दुपार घालवायची नाही."

"आणि मासळी?"

"कच्ची खालच्या कप्प्यात, झाकून. शिजलेलं वर. कच्च्याचं पाणी शिजलेल्यावर ठिबकलं की संपलं. आमटी, भाजी तीनचार दिवसांत संपवायची, त्यापुढे मोह नको. आणि घरात गरोदर बाई असेल तर तिला फ्रीजमधलं गारच काढून देऊ नये. लिस्टेरिया म्हणून एक आहे, तो थंडीतही वाढतो. चांगलं कढत करून द्यावं."

मग विषय अर्थातच विजेवर आला. वळवाचा पाऊस सुरू झाला की आमची वीज कुठे जाते, ते महावितरणलाच माहीत. काकू म्हणाल्या, दार उघडलं नाही तर फ्रीज चारेक तास गार राहतो, भरलेला फ्रीझर दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस. पण आपल्याकडे वीज गेली की पहिलं काय होतं? घरातला पुरुष फ्रीज उघडतो आणि आत गार आहे का ते हात घालून बघतो. दर दहा मिनिटांनी. मी हसले, कारण आमच्याकडे ह्यात फरक नाही.

"मुंबईकरांच्या घरी मायक्रोवेव्ह आहे ना, मग काय भीती?" मी काडी टाकली.

"त्यात डब्याच्या कडा भाजतात आणि मधला गोळा थंड राहतो. मध्येच काढून ढवळ, भातावर थोडं पाणी शिंपड, झाकण ठेव, बंद झाल्यावर दोन मिनिटं तसंच राहू दे. मध्यावर बोट टेकवून चटका बसला पाहिजे. सत्तर अंशांच्या वर गेलं पाहिजे ते. आमटीला खळखळून उकळी. आणि लागेल तेवढंच गरम कर. सगळा डबा गरम करायचा, अर्धा खायचा, पुन्हा आत, पुन्हा बाहेर, ह्याला अर्थ नाही."

पोळी-भाकरीची गोष्ट वेगळी, असंही त्यांनी सांगून टाकलं. त्यात पाणी कमी, म्हणून रात्रभर झाकून राहिली तरी सहसा बिघडत नाही. कुस्करा खुशाल करावा. डाळीचं, मटणाचं मोठं पातेलं मात्र भातापेक्षा कमी नाही. त्यात रात्रभर कोमट राहून वाढतो तो क्लॉस्ट्रिडियम. त्याने उलट्या कमी, पोटात मुरडा आणि जुलाब जास्त, तेही सहा ते चोवीस तासांनी. गावजेवणानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी रांग लागते ती बहुतेक ह्याचीच. "म्हणून मी आधी तास विचारते," काकू म्हणाल्या. "काय खाल्लं ते लोक विसरतात, पण कितीला धावले ते कुणी विसरत नाही."

"त्या लोकांना औषध काय दिलंत?"

"औषध कसलं? ओआरएस, घोट घोट. पोर मलूल झालं, लघवी थांबली, रक्त पडलं किंवा उलटी दिवसभर थांबली नाही, तर थेट दवाखाना. तशी वेळ आली नाही कुणावर."

काकूंनी सूप उचललं. आमसुलं उलटायची राहिली होती.

"आता हे धाकट्या जावेला कोण सांगणार?" मी विचारलं. "टोप तिनेच पडवीत ठेवला होता ना?"

"तू सांग. मी सांगितलं तर म्हणतील, काकूंचं सरकारी सुरू झालं. तू आपलं फ्रीजच्या गोष्टी काढून हळूच सांग."

"आणि ऐकून घेतलं नाही तर?"

"नाही घेतलं तर नाही. पण आधी त्या आचाऱ्याचे पैसे द्यायला लाव. उद्या माझ्याकडे पूजा आहे, आणि तो म्हणतो तुमच्या आळीत आता येत नाही."