२०४१चे मॅनेजरसाहेब

जुलै महिन्यात आमच्या छत्रपती संभाजीनगरात दोन आकड्यांची चौकशी चालते. जायकवाडी किती टक्के भरलं, आणि नळाला पाणी कितव्या दिवशी येणार. पहिला आकडा वर गेला म्हणून दुसरा खाली येतो असं मुळीच नाही, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण सिडकोत, गारखेड्यात, उस्मानपुऱ्यात, जिथे कुठे एक जुना लॅपटॉप आणि एक चाळिशी ओलांडलेला गृहस्थ एका खोलीत नांदत असतील, तिथे तिसराही आकडा ऐकू येतो : ‘‘संघाची तंदुरुस्ती ८२ टक्के झालीय. अजून दोन मैत्रीपूर्ण सामने लागतील.’’

हा गृहस्थ म्हणजे मॅनेजरसाहेब. वाळूजच्या एका कारखान्यात ते नोकरीला आहेत आणि तिथे ते मॅनेजर नाहीत. तिथे त्यांच्यावर एक मॅनेजर आहे, त्याच्यावर आणखी एक आहे, आणि हे सगळे मिळून साहेबांना दिवाळीची रजा एक दिवस कमी देतात. साहेबांचं स्वतःचं राज्य रात्री साडेदहाला सुरू होतं. तिथे पंचवीस खेळाडू, सहा प्रशिक्षक, चार शोधाधिकारी आणि एक फिजिओ त्यांच्या शब्दावर चालतात. संचालक मंडळसुद्धा त्यांना ‘तुमचं काय मत’ असं विचारतं. कारखान्यात बावीस वर्षांत हे कुणी विचारलेलं नाही.

ज्यांच्या घरात ही बाधा नाही त्यांच्यासाठी सांगतो. ‘फुटबॉल मॅनेजर’ नावाचा संगणकावरचा खेळ आहे. त्यात चेंडूला लाथ मारायची नसते. खेळाडू घ्या, विका, लोनवर म्हणजे उसने आणा, पगारावरून त्यांच्या एजंटाशी हुज्जत घाला, सराव आखा, पत्रकारांच्या तिरक्या प्रश्नांना सरळ उत्तरं द्या, आणि सामना सुरू झाला की मैदानाच्या कडेला उभे राहून ओरडा. धावायचं काम संगणक करतो. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या इंग्रज भावांनी १९९२ मध्ये ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ या नावाने हे खूळ बाजारात आणलं. आजचं नाव २००४ पासूनचं. इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबने २००८ मध्ये खरे खेळाडू हेरण्यासाठी या खेळाच्या माहितीचा साठा वापरायचा करार केला होता. ही बातमी साहेब सासुरवाडीत दरवर्षी सांगतात. सासरेबुवा दरवर्षी विचारतात, ‘‘मग तुम्हाला काय दिलं त्यांनी?’’

या खेळाची नवी आवृत्ती दर हिवाळ्याच्या तोंडावर येते. २०२५ ची मात्र आलीच नाही. ६ फेब्रुवारी २०२५ ला कंपनीने ती रद्द झाल्याचं जाहीर केलं आणि साहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ असं लिहिलं. मग जगभरच्या अनेक मॅनेजरांप्रमाणे तेही २०२४ च्याच आवृत्तीत राहिले आणि खेळत खेळत २०४१ सालात पोहोचले. तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात काळाचा घोळ होतो. ‘‘२०३६ साली आपण कसलं पाप केलं होतं कुणास ठाऊक,’’ असं ते गुलमंडीवर भाजी घेताना सहज म्हणून जातात. एकदा वहिनींनी विचारलं, ‘‘अहो, २०४१ मध्ये तरी नळाला रोज पाणी येतं का?’’ साहेब गंभीरपणे म्हणाले, ‘‘मंडळापुढे विषय ठेवतो.’’

क्लब त्यांनी स्वतः काढलाय, शहराच्या नावाचा. या खेळात तशी सोय आहे : एखादा चालू क्लब बाजूला सारायचा आणि त्याच्या जागी आपला बसवायचा. आय-लीगमधून सुरुवात करून ते वरच्या इंडियन सुपर लीगमध्ये गेले. स्टेडियमला नाव दिलं आमखास. खऱ्या आमखास मैदानावर पोरं खरोखर फुटबॉल खेळतात, चपलांचे गोलपोस्ट करून खेळतात, भांडतात, आणि साहेब तिथून रोज स्कूटरने जातात. थांबत नाहीत. क्लबात काम असतं.

या क्लबाचा एक लेफ्टबॅक आहे. ब्राझीलचा, वीस वर्षांचा. खेळात जुने खेळाडू निवृत्त होतात तसे नवे खेळाडू संगणकच जन्माला घालतो. नाव, चेहरा, स्वभाव, सगळं यंत्राने दिलेलं. तर या पोराचा गुडघा प्रीसीझनच्या, म्हणजे हंगामपूर्व सरावाच्या, पहिल्याच आठवड्यात गेला. साहेब गॅलरीत उभे राहून फोनवर मित्राला सांगत होते, ‘‘सहा महिने गेला तो. वाईट वाटतंय रे, एवढ्या आशेने आणलं होतं पोराला.’’ शेजारच्या काकूंनी हे ऐकलं आणि संध्याकाळी वाटीभर मऊभात घेऊन त्या दारात हजर.

‘‘कोण पडलं गं? घाटी दवाखान्यात नेलं का?’’

‘‘नाही काकू,’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘तो मूळचा ब्राझीलचा आहे.’’

‘‘अगं बाई! मग इथे त्याचं बघायला कोण? आईवडील?’’

‘‘त्याला आईवडीलच नाहीत,’’ साहेब आतून म्हणाले. खोटं ते बोलत नाहीत.

काकूंचे डोळे भरून आले. त्या दिवसापासून त्या जिन्यात भेटल्या की विचारतात, ‘‘त्या पोरक्याचा गुडघा कसा आहे?’’ आणि साहेब त्यांना टक्केवारीसह सांगतात. माझ्या मते संपूर्ण शहरात साहेबांच्या क्लबाच्या खऱ्या पाठीराख्या काकूच.

खेळातल्या प्रत्येक खेळाडूच्या अंगच्या गुणांना १ ते २० असे आकडे असतात : वेग, पास, धीर, निर्णय. खेरीज काही गुण झाकलेले असतात; सातत्य, मोठ्या सामन्यातली हिंमत, दुखापतीची खोड. ही सवय एकदा डोळ्यांना लागली की माणसं पूर्वीसारखी दिसत नाहीत. क्रांती चौकात रिक्षा आडवी घालणाऱ्याला साहेब शिवी देत नाहीत. ‘‘पोझिशनिंग १८, निर्णय ४,’’ एवढंच पुटपुटतात. भाचीला बघायला जालन्याचे पाहुणे आले होते. मुलगा इंजिनिअर, शेंद्र्याला नोकरी, पोहे झाले, चहा झाला. मामा म्हणून साहेबांना बोलणं भाग होतं. ते मुलाच्या काकांकडे वळून म्हणाले, ‘‘आजची क्षमता दिसतेच आहे. प्रश्न पुढे किती वाढेल याचा आहे. आणि महत्त्वाच्या प्रसंगी कसा असतो?’’ काकांनी पोह्याची बशी खाली ठेवली. ‘‘दहावीला ताप होता तरी ८७ टक्के,’’ ते म्हणाले. साहेबांनी समाधानाने मान डोलावली आणि भाचीच्या आईला आत जाऊन सांगितलं, ‘‘घ्या. पण आधी एक वर्ष लोनवर.’’ लग्न झालं. दोघं सुखात आहेत. लोनचा विषय त्या घरात पुन्हा निघालेला नाही.

आता हंगामपूर्व आढावा. हे साहेबांचं वार्षिक लेखन. चार मित्र मिळून हा खेळ खेळतात, चौघांचे चार क्लब एकाच नेटवर्कवर. पण आढावा लिहिणारे एकटे साहेब. औरंगपुऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात त्याच्या प्रती निघतात, स्पायरल बाइंडिंगसह. मुखपृष्ठावर ‘हंगाम २०४१–४२ : दिशा आणि आव्हाने’. दुकानदाराला वाटतं, साहेब महापालिकेसाठी काहीतरी करतात.

आतला मजकूर वाचण्यासारखा असतो. पहिले चार मैत्रीपूर्ण सामने मुद्दाम दुबळ्या संघांशी ठेवले आहेत. विजयाने मनोबल वाढतं, मनोबल वाढलं की आखणी लवकर अंगवळणी पडते, असं कारण दिलेलं. शेवटचे दोन तगड्या संघांशी, म्हणजे पोरं हवेत राहणार नाहीत. गोलरक्षक उत्तम. मधली फळी म्हातारी. पुढे एकच स्ट्रायकर, तोही गोव्याच्या हवेसाठी रडतो. डावी बाजू उघडी (कारण वर आलंच आहे). ‘मागील हंगामात आपण सातवे आलो. याला जबाबदार मॅनेजर,’ असं पान दोनवर ठळक अक्षरात. नंतर जमाखर्च, त्यात पगारावरची उधळपट्टी मान्य केलेली. शेवटी अंदाज : पाचवा क्रमांक, नशीब असेल तर चौथा. शहागंजात कापडाचं दुकान असलेला त्यांचा प्रतिस्पर्धी हे सगळं पानन् पान वाचतो आणि तारा पानच्या दुकानापुढे उभा राहून एकच विचारतो, ‘‘हौ मियाँ, वो सब ठीक है, लेकिन गोल कौन मारेंगा?’’ याचं उत्तर आढाव्यात कधीच नसतं. हे मात्र मी साहेबांच्या विरोधात नोंदवून ठेवतो.

पण २०२५ च्या जुलैत गंमत झाली. खेळातला जुलै आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातला जुलै एकाच वेळी आले. साहेब या योगाला अधिक मासासारखं मानतात. इकडे त्यांचा आढावा बाइंडिंग होऊन तयार, आणि ११ जुलैला बातमी आली की खरी इंडियन सुपर लीगच स्थगित. फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये व्यावसायिक हक्कांचा करार केला होता, तो ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता आणि पुढे काय हे कुणी ठरवलेलं नव्हतं. पंधरा वर्षं आधी माहीत असलेली तारीख, तरी ऐन वेळी धावाधाव. काही क्लबांनी सराव थांबवले, काहींनी पगार. सुनील छेत्रीसारख्या नामवंत फुटबॉलपटूला समाजमाध्यमावर चिंता व्यक्त करावी लागली. शेवटी क्रीडामंत्र्यांनी जानेवारी २०२६ मध्ये जाहीर केलं की लीग १४ फेब्रुवारीपासून होईल, चौदा क्लबांची.

त्या सहा-सात महिन्यांत देशात फुटबॉलचा नीट आखलेला प्रीसीझन कुठे पार पडला असेल तर तो सिडकोतल्या त्या खोलीत. ‘‘आमच्याकडे खेळाडूंचे पगार एक तारखेला होतात,’’ साहेब सांगत होते. लोक हसले. मला हसू आलं नाही. कोल्हापुरात तालमींचे संघ पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल खेळतात, मैदान भरतं, तिथल्या अनिकेत जाधवने २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताचा शर्ट घातला. अशा राज्यातल्या एका माणसाला नियोजनाची हौस भागवायला २०४१ गाठावं लागतं. ज्यांच्या हातात खरा फुटबॉल आहे त्यांनी साहेबांचं पान दोन एकदा वाचावं. तिथे चूक कुणाची ते लिहिलेलं आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी आवृत्ती आली. साहेबांनी ती घेतली आणि आठवडाभर शिव्या घातल्या. सगळी बटणं हलवली म्हणे. स्वतःच्या क्लबात पत्ता विचारत फिरावं लागतं. पण या आवृत्तीत पहिल्यांदाच महिलांचा फुटबॉल आलाय, आणि तो त्यांच्या नववीतल्या मुलीने ताब्यात घेतला. ती आढावा लिहीत नाही. गोल मारणाऱ्या तीन पोरी पहिल्याच दिवशी घेऊन मोकळी झाली आणि आता गुणतालिकेत वर आहे. साहेब तिच्या मागे उभे राहून बचावफळीबद्दल सूचना करतात. ‘‘बाबा, बाहेर थांबा,’’ ती म्हणते. कारखान्यातल्यासारखं ते मुकाट्याने थांबतात.

मग रात्री सगळे झोपले की ते २०४१ मध्ये परत येतात. फिजिओचा अहवाल आधी उघडतात.

तेव्हा निराला बाजारात किंवा कॅनॉटमध्ये कुणी गृहस्थ तुम्हाला म्हणाला की आमचा संघ यंदा पाचवा येईल, तर ‘कुठला संघ, खरा का?’ असं विचारू नका. लेफ्टबॅकचा गुडघा कसा आहे, ते विचारा. आणि हातात तासभर मोकळा असेल तरच विचारा.