लेकरांना पहारेकरी करू नका

बीड जिल्ह्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत लेकरू शाळेत जाऊ लागलं की दप्तराबरोबर त्याला एक ताकीद मिळते. घरात प्रार्थना होते हे वर्गात बोलू नको. जात विचारली तर दाखल्यावर आहे तीच सांग. धर्म विचारला तर हिंदू म्हण. नाव दोन असतील तर घरातलं नाव घरातच ठेव. घरी शमुवेल, हजेरीत समाधान.

मला या ताकिदीचा राग येतो. ती देणाऱ्या आई-बापाचा नाही. ती द्यायची वेळ ज्यांनी आणली, त्यांचा.

१० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि अनुसूचित जातींत काही मोजक्या शीख जाती सोडल्या तर फक्त हिंदूंना धरलं गेलं. १९५६ साली त्यात इतर शीखही आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. इकडं मराठवाड्यात आणि शेजारच्या नगर भागात मिशनऱ्यांचं ऐकून महारवाड्या-मांगवाड्यांतली माणसं ख्रिस्ती झाली. बाप्तिस्मा झाला म्हणून त्यांची वस्ती वेशीच्या आत आली नाही, सवर्णांच्या विहिरीवर त्यांची घागर लागली नाही. गावानं जात सोडली नाही, पण कायद्यानं धरलं की ती सुटली. आणि मंडळीतही सोयरीक जुळवताना पहिली चौकशी कशाची होते, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. ती चौकशी आपणच करतो, तीही बंद व्हायला हवी.

याचा हिशेब लेकरांच्या फीमध्ये होतो. सख्ख्या चुलत भावांपैकी बौद्ध झालेल्याच्या पोराला अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती मिळते. ख्रिस्ती झालेल्याच्या पोराला मिळत नाही. अल्पसंख्याक म्हणून काही मिळेल म्हणावं, तर केंद्रानं २०२२-२३ पासून पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीच बंद केली. मग रोजावर जाणारा बाप कागद जुनाच ठेवतो. त्याला फसवणूक म्हणण्याआधी त्याच्या जागी उभं राहून बघावं.

पण कागद आता पुरत नाही. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीच्या एका बाईचा अनुसूचित जातीचा दावा फेटाळला. नोकरीपुरतं हिंदू म्हणवून घेणं ही संविधानाशी फसवणूक आहे, असं न्यायालयानं म्हटलं. तिच्याविरुद्ध जो पुरावा धरला गेला, त्यात ती तान्ही असताना झालेला बाप्तिस्मा होता. तान्ह्या लेकराला कुणी विचारून पाणी लावत नाही. जुलै २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी याच निकालाचा आधार घेऊन विधान परिषदेत सांगितलं, की हिंदू, बौद्ध आणि शीख सोडून इतर धर्मीयांनी घेतलेली अनुसूचित जातीची प्रमाणपत्रं रद्द होतील.

तेव्हापासून घरातली ताकीद आणखी कडक झाली आहे. नाताळची चांदणी मी एका घरात आतल्या खोलीत, कपाटाच्या वर लावलेली पाहिली. पोरानं आठवडाभर बांबूच्या कामट्या तासून, पतंगाचा कागद चिकटवून ती केली होती. बाहेर लाव म्हणून तो आईच्या मागं लागला होता. आई करंज्या तळत होती. ती म्हणाली, "आतच बरी दिसती." बारा वर्षांच्या पोराला एवढ्यावर कळतं. त्यानं पुन्हा विचारलं नाही. करंज्यांचा डबा शेजारी द्यायला मात्र त्यालाच पाठवलं, आणि "सहज केल्यात म्हण" हेही शिकवून.

इथं माझं आई-बापांशी भांडण आहे. रात्री आपण लेकरांना गुडघे टेकायला लावतो, दहा आज्ञा वदवून घेतो, त्यातली नववी खोट्या साक्षीची. रविवारी शब्बाथशाळेत तेच पोर वचन पाठ म्हणतं, पाळकसाहेब पाठ थोपटतात. सोमवारी त्याच तोंडानं त्यानं वर्गात वेगळं बोलायचं. लेकरू याचा एकच अर्थ लावतं, की आपल्या घरात काहीतरी लाज वाटण्यासारखं आहे. हा अर्थ त्याच्या मनात बसला तर पुढं कितीही शिष्यवृत्ती मिळाली तरी तो निघत नाही.

धर्म न लपवणारी घरंही होऊन गेली. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, १९०० साली. मधल्या काळात घर फुटलं, नातेवाईक तुटले, पण नवरा-बायकोचा धर्म वेगळा आहे हे लपवायची पाळी आली नाही. लक्ष्मीबाईंनी पुढं 'स्मृतिचित्रे'त सगळं उघड लिहिलं. त्यांनी मोजलेली किंमत मोठी होती, मी ती कमी लेखत नाही. तरी त्यांच्या पोरांच्या शिक्षणाची वाट जातीच्या दाखल्यातून जात नव्हती. केज-धारूरच्या शेतमजूर ख्रिस्ती बाईच्या पोरांची जाते. टिळक दांपत्याचं उदाहरण देऊन तिला धीट हो म्हणणं सोपं आहे, म्हणून मी ते म्हणणार नाही.

तिला एवढंच सांगेन: लेकराला गप्प बसवायच्या आधी त्याला खरं सांगा. दहा-अकरा वर्षांच्या पोराला सगळं समजतं. आपले पणजोबा कोणत्या वस्तीत राहायचे, ख्रिस्ती का झाले, सरकारनं काय ठरवलं, आपण कागद का बदलला नाही, हे एका संध्याकाळी बसून सांगता येतं. "तू काही चोरलं नाहीस" हे त्याला ऐकू द्या. दाखल्याचं काय करायचं हा निर्णय आई-बापाचा, त्याची जबाबदारी आणि जोखीमही आई-बापाची. पोराकडं या गुपिताचा पहारा देऊ नका.

आणि मंडळीनं हात झटकू नयेत. वेदीवरून खरेपणाचा उपदेश करणाऱ्यांनी कागद खरा करणाऱ्या घरातल्या पोराची फी कोण भरणार, हेही त्याच वेदीवरून सांगावं. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ साली अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करा असं सांगितलं होतं. ती शिफारस धूळ खात पडली. २०२२ साली याच प्रश्नावर माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला, त्यालाही मुदतवाढ मिळत गेली. तोवर २००७ साली पहिलीत असलेली पोरं शाळा संपवून मोठी झाली. कन्व्हेन्शनला मांडव घालायला वर्गणी जमते, तर या दर्जासाठी न्यायालयात वकील लावायलाही जमेल.

राहिले गुरुजी आणि बाई. आठवीच्या वर्गात सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीचे अर्ज आले की "एससीच्या मुलींनी उभं राहा" असं भर वर्गात म्हणण्याची पद्धत अजून आहे. एखादी अर्धी उठते, मैत्रिणीकडं बघते, परत बसते. जात-धर्माची माहिती जनरल रजिस्टरमध्ये असते, नसेल तर पालकांना फोन करता येतो. पन्नास जणांपुढं तेरा वर्षांच्या मुलीला त्याचं उत्तर द्यायला लावायचं काहीच कारण नाही. हे थांबवायला आयोग लागत नाही, आदेश लागत नाही. मुख्याध्यापकांनी उद्याच्या परिपाठानंतर शिक्षकांना एवढं सांगितलं तरी होईल.