मुंबई ते मुंबई : एका न घडलेल्या लंडनवारीचे वर्णन

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकारात निघणे, जाणे आणि पोहोचणे अशा तीन क्रिया गृहीत धरलेल्या असतात, आणि पहिल्या दोन उरकल्या की तिसरी आपोआप घडते, अशी प्रवाशाची, त्याला निरोप द्यायला जमलेल्या आप्तेष्टांची आणि तिकिटाचे पैसे आगाऊ घेणाऱ्यांचीही समजूत असते. शुक्रवार, २१ मार्च २०२५ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळाने अचानक बंद राहून ही समजूत दूर केली. मराठी प्रवासवर्णनाला याचे फारसे नवल वाटण्याचे कारण नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघाले आणि १८५७ च्या बंडात सापडले, तेव्हापासून ठरलेला प्रवास आणि घडलेला प्रवास यांतले अंतर हाच या प्रकाराचा खरा विषय राहिला आहे. फरक एवढाच की गोडसे भटजींच्या वाटेत युद्ध आडवे आले होते, तर हीथ्रोच्या प्रवाशांच्या वाटेत केवळ लाईट गेली होती.

त्या दिवशीच्या प्रवाशांचे अभ्यासाच्या सोयीसाठी तीन वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग परतलेल्यांचा. एअर इंडियाचे एआय १२९ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले आणि वाटेतून मागे वळून मुंबईलाच उतरले. म्हणजे प्रवास झाला, अंतर कापले गेले, आणि प्रवासी जेथे होते तेथेच राहिले, ज्याला धार्मिक वाङ्मयात प्रदक्षिणा म्हणतात आणि जिचे पुण्य लागते. दुसरा वर्ग वळवलेल्यांचा. विमान नियोजित विमानतळाऐवजी दुसरीकडे उतरवणे याला विमानवाहतुकीच्या परिभाषेत ‘डायव्हर्जन’ म्हणतात, आणि विमानतळाला वीज पुरवणाऱ्या एका ठिकाणी आग लागली त्या रात्री हीथ्रोकडे येणारी सुमारे १२० विमाने हवेत असल्याने या वर्गात मोठीच विविधता आढळते : दिल्लीहून निघालेले एआय १६१ फ्रँकफर्टला गेले, ऑस्ट्रेलियातील पर्थहून सुमारे सतरा तासांची सलग झेप घेणारे विमान पॅरिसला टेकले, आणि सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेल्या एका विमानाने परदेशगमनाचा बेत रद्द करून वॉशिंग्टनपर्यंतच मजल मारली. तिसरा आणि सर्वांत मोठा वर्ग न निघालेल्यांचा, ज्यांना विमानतळाने कोणत्याही परिस्थितीत विमानतळावर येऊ नये असे कळवले होते. एकूण १,३०० हून अधिक उड्डाणांचा आणि सुमारे २ लाख ७० हजार प्रवासांचा हा हिशेब आहे.

यांपैकी परतलेल्यांचा अनुभव जवळून पाहण्यासारखा असतो. लांब पल्ल्याच्या विमानात प्रत्येक आसनासमोर एक पडदा असतो, आणि त्यावरील नकाशात एक चिमुकले विमान आपल्या अंगाहून मोठ्या देशांवरून मुंगीच्या गतीने सरकत असते. ते पाहत बसणे हा अनेक ज्येष्ठ प्रवाशांचा चित्रपटांपेक्षा आवडता कार्यक्रम होय. त्या चिमुकल्या विमानाचे नाक एकाएकी आग्नेयेकडे फिरले तर घोषणा होण्याआधीच खिडकीशेजारच्या आजोबांना काहीतरी बिनसल्याचे कळते, आणि मधल्या आसनावरील आजी त्यांना नेहमीप्रमाणे चष्मा पुसायला सांगतात. खाली, सामानाच्या कक्षात, लंडनच्या नातवंडांसाठी निघालेले बेसनाचे लाडू, थालीपिठाची भाजणी आणि तीन पिशव्यांत गुंडाळून वर सुतळीने आवळलेली लोणच्याची बरणी असा ऐवज असतो. अशा प्रवासात माणसांच्या पदरी काही पडत नाही. लोणचे मात्र मुरते.

हे सर्व ज्यामुळे घडले ते ठिकाण विमानतळावर नव्हते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. पश्चिम लंडनमधील हेझ भागात नॉर्थ हाइड नावाचे विद्युत उपकेंद्र आहे. दुरून येणाऱ्या प्रचंड दाबाच्या विजेचा दाब जेथे टप्प्याटप्प्याने उतरवला जातो त्या जागेस उपकेंद्र म्हणतात, आणि दाब उतरवण्याचे काम करणाऱ्या यंत्रास शासकीय मराठीत रोहित्र, लोकव्यवहारात ट्रान्सफॉर्मर, आणि त्याच्या गल्लीतल्या धाकट्या भावंडास ‘डीपी’ अशी नावे आहेत. डीपी उडाल्यावर महाराष्ट्रात जो आवाज होतो, जो अंधार पडतो आणि पाठोपाठ गॅलरीत येऊन ‘तुमच्याकडे आहे का?’ अशी जी विचारपूस होते, तिची तालीम लहान प्रमाणावर प्रत्येकाची झालेली असते. नॉर्थ हाइडचे रोहित्र मात्र २ लाख ७५ हजार व्होल्टच्या जाळ्यावरचे होते आणि त्याच्या पोटात सुमारे २५ हजार लिटर तेल होते. २० मार्चच्या रात्री ११ वाजून २३ मिनिटांनी, म्हणजे मुंबईत पहाटेचे ४ वाजून ५३ मिनिटे झाली असताना, अग्निशमन दलास वर्दी मिळाली. सुमारे सत्तर जवान धावले, परिसरातील सुमारे ६७ हजार ग्राहकांची वीज गेली, आणि युरोपातील सर्वाधिक वर्दळीचा, २०२४ मध्ये ८ कोटी ३९ लाख प्रवासी हाताळणारा विमानतळ बंद ठेवण्याचा निर्णय झाला.

आगीच्या कारणाचा शोध ब्रिटनच्या राष्ट्रीय ऊर्जा यंत्रणेच्या नियंत्रक संस्थेने घेतला आणि जुलै २०२५ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. अहवालाचा सारा रोख ‘बुशिंग’ या एका अवयवावर आहे. रोहित्राच्या लोखंडी टाकीतून जिवंत तार बाहेर काढायची, पण ती टाकीच्या अंगाला लागू द्यायची नाही, या दुहेरी अटीसाठी टाकीच्या माथ्यावर, सहसा चिनीमातीच्या चकत्या एकावर एक रचल्यासारखा दिसणारा जो पोकळ खांब बसवतात, तो म्हणजे बुशिंग; त्याच्या आत तारेभोवती तेलात भिजवलेल्या कागदाचे थर असतात, आणि सारी भिस्त ते तेल कोरडे राहण्यावर असते. नॉर्थ हाइडच्या एका बुशिंगमध्ये ओल शिरली आणि विद्युतदोष होऊन आग भडकली, असा अहवालाचा निष्कर्ष आहे. चिनीमातीचे भांडे, आत तेल, आणि पाण्याचा अंशही वर्ज्य, हे वर्णन मराठी वाचकास वीजशास्त्रापेक्षा स्वयंपाकघरातून अधिक ओळखीचे वाटेल. बरणीत ओला चमचा घालू नये हा नियम ज्या तत्त्वावर उभा आहे, त्याच तत्त्वावर लंडनचा वीजपुरवठाही उभा आहे. अधिक विचार करण्याजोगी गोष्ट ही की ओलीचे वाढलेले प्रमाण तेलाच्या नमुन्यात २०१८ मध्येच आढळले होते. त्यावर करावयाची कार्यवाही झाली नाही, आणि २०२२ मध्ये देखभालीचे काम पुढे ढकलले गेले. लोणच्याला बुरशी दिसल्यावर बरणी सात वर्षे तशीच फळीवर ठेवणारे घर महाराष्ट्रात सापडणे कठीण आहे.

येथवरचा दोष विमानतळाचा नव्हे. शेजाऱ्याच्या घरी आग लागली तर आपल्या घरी दिवाबत्ती कशी करायची, हा प्रश्न मात्र विमानतळाचाच होता, आणि पर्यायी सज्जतेची सर्व चर्चा त्याभोवती फिरत राहिली. हीथ्रोला वीज एका नव्हे तर तीन ठिकाणांहून मिळते. नॉर्थ हाइड उपकेंद्र चालवणाऱ्या नॅशनल ग्रिड या वीजवहन कंपनीचे तत्कालीन प्रमुख जॉन पेटिग्रू यांनी उरलेल्या दोन उपकेंद्रांत विमानतळाला पुरेल इतकी वीज होती असे जाहीरपणे सांगितले, आणि विमानतळाचे म्हणणे असे पडले की वीज दारात असणे वेगळे आणि घरात खेळणे वेगळे. दोघांचेही म्हणणे खरे होते. एका पुरवठ्यावरील भार दुसऱ्या पुरवठ्यावर नेण्यासाठी विमानतळाच्या अंतर्गत जाळ्याची फेरजुळणी करावी लागते, शेकडो यंत्रणा सुरक्षितपणे बंद करून पुन्हा सुरू कराव्या लागतात, आणि या कामास दहा ते बारा तास लागतात. तात्पर्य, पर्यायी व्यवस्था होती. ती दुसऱ्या दिवशी येणारी होती.

मग जनित्रे काय करत होती, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. डिझेलवर वीज तयार करणारे यंत्र ते जनित्र, आणि जनित्र जागे होईपर्यंतचे क्षण बॅटरीवर निभावून नेणारी ती अखंड वीजपुरवठा यंत्रणा, म्हणजे यूपीएस. ही दोन्ही हीथ्रोवर होती आणि त्यांनी आपले काम चोख बजावले. धावपट्टीचे दिवे आणि नियंत्रण मनोऱ्यासारख्या सुरक्षेच्या जागा चालू ठेवणे, जेणेकरून जवळ आलेली विमाने सुखरूप उतरतील, एवढेच त्यांचे काम होते. एखाद्या लहान शहराइतकी वीज खाणारा संपूर्ण विमानतळ पेलणे त्यांच्याकडे कधी सोपवलेलेच नव्हते. घरच्या इन्व्हर्टरवर दिवाणखान्यातला एक पंखा आणि एक ट्यूब चालते, मिक्सर लावताच तो किंचाळतो, आणि हे घरातील सर्वांत लहान मुलालाही ठाऊक असते. हीथ्रोच्या इन्व्हर्टरवर काय चालते, हे जगाला त्या शुक्रवारी कळले. आसपासच्या माहिती केंद्रांनी, म्हणजे संगणकांच्या प्रचंड कोठारांनी, आपापली जनित्रे लावून काम अखंड चालू ठेवले. त्यांच्याकडे उतरायला विमाने नव्हती, पण वीज जाईल हे मात्र त्यांनी गृहीत धरले होते.

माजी वाहतूकमंत्री रूथ केली यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चौकशीत आणखी एक पर्यायी व्यवस्था उघड झाली, ती म्हणजे माणसांची. धोक्याची सूचना मोबाईलवर पाठवणारी यंत्रणा व्यवस्थित चालली, परंतु विमानतळाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचा मोबाईल उशाशी असूनही त्यांच्या नकळत ‘सायलेंट’वर गेलेला होता, आणि ते सकाळपर्यंत झोपले होते. निर्णय हाताखालच्या अधिकाऱ्यांनी घेतला आणि चौकशीत तो योग्यही ठरला. तेव्हा जनित्रे वगळता त्या रात्री विनाविलंब कार्यान्वित झालेली हीथ्रोची एकमेव पर्यायी जोडणी मनुष्यबळ विभागातली होती, असे म्हणण्यास जागा आहे.

केवळ ब्रिटिशांनाच हसणे शास्त्राला धरून होणार नाही. १७ डिसेंबर २०१७ रोजी अमेरिकेतील अटलांटा येथे, प्रवासीसंख्येत जगात पहिल्या असलेल्या विमानतळावर, भुयारातील विद्युतसामग्रीने पेट घेतला आणि सुमारे अकरा तास अंधार पडला, कारण संकटकाळी उपयोगी पडावयाच्या पर्यायी तारा त्याच भुयारातून, मूळ तारांच्या शेजारून नेलेल्या होत्या आणि त्यांच्यासोबतच जळाल्या. जादा किल्ली त्याच जुडग्यात अडकवून ठेवण्याची ही पद्धत जागतिक आहे. मुंबईची कथाही वेगळी नाही. बाहेरचे जाळे कोसळले तर शहराने त्यापासून तुटून आपल्या विजेवर तगून राहावे, या योजनेला बेटीकरण किंवा ‘आयलँडिंग’ म्हणतात, आणि मूळच्या सात बेटांच्या शहराला ती शोभूनही दिसते. पण १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी ती ऐन वेळी टिकली नाही, लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या, आणि प्रवासी रुळांवरून चालत निघाले. मात्र महाराष्ट्र आणि हीथ्रो यांत एक फरक उरतो. भारनियमनाच्या काळात, म्हणजे वीज तासांच्या वेळापत्रकानुसार घालवली जात असताना, वाढलेल्या मराठी माणसाच्या घरात काडेपेटी कोठे आहे हे अंधारातही हाताला माहीत असते. जेथे वीज कधी जात नाही तेथे काडेपेटी उत्तम प्रतीची असते, तिची नोंद ठेवलेली असते, आणि ती ज्या कपाटात असते त्याची किल्ली शोधायला दहा ते बारा तास लागतात.

विमानतळ २१ मार्चच्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत बंद राहील असे जाहीर झाले होते, पण त्या संध्याकाळीच काही विमाने उतरू लागली. एआय १२९ चे प्रवासी त्याआधीच मुंबईत उतरून सामानाच्या फिरत्या पट्ट्याभोवती उभे राहिलेले असणार, आणि आपण लंडनहून आलो नाही आणि लंडनला जाऊनही आलो नाही, हे टॅक्सीवाल्याला कसे सांगावे या विवंचनेत असणार. अशा घरी परतलेली बरणी आता कोठेही जायची नसते, आणि संध्याकाळच्या जेवणाला ती फोडली जाते. सुतळी सोडताना, तेलाचा थर वर तसाच आहे हे पाहताना आणि चमचा पदराला पुसून कोरडा करताना तेथे कोणालाही स्मरणपत्र पाठवावे लागत नाही, आणि हे काम नेमके कोणाचे, याबद्दल आजवर त्या घरात चौकशी समिती नेमण्याची वेळ आलेली नाही.