बरं आहे, म्हणजे किती?

पुणेकराला पुण्याबद्दल दोन गोष्टी ठाम माहीत असतात. पुण्यासारखं शहर जगात नाही, आणि पुणं आता राहण्यासारखं राहिलेलं नाही. दुसरी गोष्ट बाहेरगावच्या माणसाने बोलून दाखवली, की तो तत्काळ पहिलीवर येतो.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या गोष्टीला सरकारी शिक्का मिळाला. केंद्रीय गृहनिर्माण आणि नागरी व्यवहार मंत्रालयाने १११ शहरं ७८ निकषांवर तपासली आणि राहण्यासाठी पुणे सर्वांत चांगलं, असं जाहीर केलं. नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी. मुंबईकर मागे पडल्याचा आनंद ओसरल्यावर कुणीतरी गुण पाहिले. १०० पैकी ५८.११. आमच्या वेळी याला सेकंड क्लास म्हणत. पण वर्गच असा होता, की त्यात पहिला नंबर आला.

पुढची यादी मार्च २०२१ मध्ये लागली. आता दहा लाखांवरच्या शहरांचा गट वेगळा होता. बंगळुरू ६६.७०, पुणे ६६.२७. पाऊण गुणही नाही, अर्धाही नाही, ०.४३ ने नंबर गेला. एवढ्याशा फरकाने गेलेला नंबर पेपर तपासणाऱ्याच्या चुकीनेच जातो, असं मानायची आपली जुनी रीत आहे. मला मात्र वेगळी शंका आहे. पहिल्या वेळी सगळा हिशेब कागदांवरून झाला होता: पाणी, सांडपाणी, घरं, रस्ते, शाळा, महापालिकेचा कारभार. दुसऱ्या वेळी १०० पैकी ३० गुण नागरिकांच्या मतावर ठेवले. म्हणजे पुण्याला मार्क द्यायला पुणेकरालाच बसवलं!

याचा परिणाम काय होणार ते आमच्या घरात कुणीही सांगितलं असतं. माझ्या आत्याने उभ्या आयुष्यात कुणाच्या मोदकांना ‘चालतील’च्या वरचा शेरा दिलेला नाही, आणि ‘चालतील’ ऐकलेल्या सुना ते अजून अभिमानाने सांगतात. ‘वाईट नाही’ हे आमच्याकडे सुवर्णपदक. ‘छान’ म्हटलं, तर समोरच्याला वाटतं यांचं काहीतरी काम असणार. हे एक ते पाचमध्ये कसं बसवायचं?

असाच एक पाहणीवाला मुलगा परवा स्वारगेटला भेटला. हातात टॅबलेट, गळ्यात ओळखपत्र. पाहणी कुणाची ते मी विचारलं नाही. थांब्यावर माझ्या शेजारी एक काका होते, पिशवीतून मेथीची जुडी डोकावत असलेले. जेधे चौक ओलांडून ते इकडे कसे आले ते मी पाहिलं होतं. पंजा उघडून हात आडवा धरायचा, वाहनांकडे न बघता सरळ चालायचं. सातारा रस्त्याकडे जाणारा सगळा लोंढा त्या एका पंजासाठी कुरकुरत थांबला होता. शहराच्या कुठल्या रकान्यात हा पंजा मोडत असेल?

“काका, एक ते पाचमध्ये सांगा. पाणीपुरवठा?”

“येतं.”

“म्हणजे किती?”

“सकाळी येतं.”

मुलाने काहीतरी दाबलं. “मेट्रो?” ती सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारातून स्वारगेटपर्यंत आली, आणि पुढे कात्रजला न्यायच्या मार्गाची पायाभरणीही त्याच दिवशी झाली.

“खाली गार आहे,” काका म्हणाले. “पण मला कात्रजला जायचंय.”

“बससेवा?”

“बस येऊ दे, मग सांगतो.”

मुलगा थांबला. आम्हीही थांबलो. पाठीमागून भोर, सासवड, साताऱ्याकडून आलेली माणसं बोचकी सावरत शहरात शिरत होती. कुठल्याही यादीत ‘दरडोई’ हा शब्द असतोच. पण आपली शेवटची शिरगणती २०११ ची. तेव्हा महापालिकेत ३१ लाख लोक होते. त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली. आणि रोज सकाळी येऊन रात्री परतणाऱ्या या डोक्यांना कुणाच्या खात्यावर घालायचं?

जगभरच्या याद्यांची तर गंमतच आहे. मर्सर कंपनीच्या २०१९ च्या यादीत व्हिएन्ना पहिलं होतं, आणि पुणे हैदराबादच्या बरोबरीने १४३ वं. या याद्यांचा मूळ उपयोग असा, की परदेशी साहेबाला एखाद्या शहरात पाठवायचं तर पगारावर खडतर जागेचा भत्ता किती द्यायचा, ते कंपन्यांना ठरवता यावं. मला ही कल्पना फार आवडली. वर्षानुवर्षं सातारा रस्त्याने जा-ये करणाऱ्यांनी तो भत्ता मागच्या थकबाकीसह मागितला पाहिजे.

“दोन लिही,” काका एकदम म्हणाले. वीस मिनिटं झाली होती.

मुलाने दोन लिहिले. “शेवटचा प्रश्न. दुसऱ्या शहरात राहायला जायला आवडेल का?”

काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने तो प्रश्न आपल्या मनानेच घातला असावा. “का? तिथे काय आहे?”

तेवढ्यात कात्रजची बस आली. दारात माणसं लटकलेली. काका जागचे हलले नाहीत. मागोमाग तिला चिकटूनच दुसरी आली, तीही कात्रजचीच, जवळजवळ रिकामी. काका सावकाश चढले, खिडकीची जागा निवडली, मेथी मांडीवर घेतली. बस हलली तसं त्यांनी तोच पंजा खिडकीबाहेर काढला आणि मुलाला ओरडून सांगितलं, “ए, बसचे तीन कर रे!”